आधी कागद, मग शेवंड: कॅलिफोर्नियातला एक हंगाम

कॅलिफोर्नियात स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन डायव्ह करणाऱ्याला शेवंड (स्पायनी लॉबस्टर) फक्त हातानं पकडता येते. जाळं नाही, भाला नाही, फ्लोरिडाच्या व्हिडिओंमध्ये दिसते ती बिळातून हुसकायची काडीही नाही. हुकासारखी आकडी असलेली कुठलीही वस्तू डायव्ह करताना नुसती जवळ असली तरी नियम मोडला. हातमोजे तेवढे चालतात. हा नियम सगळ्यात आधी वाचा, कारण सराव, खर्च आणि वेळ, सगळं याच एका गोष्टीवर ठरतं. मी तो उशिरा वाचला. तोवर तीस डॉलरची काडी-जाळीची जोडी घरी येऊन पडली होती. ती परत केली, टपालखर्च गेला.

२०२४-२५ चा हंगाम सॅन दिएगोच्या किनाऱ्यावर पूर्ण केल्यावर हे लिहिते आहे. माहिती इंग्रजीत भरपूर आहे, पण ती दहा ठिकाणी विखुरलेली, आणि काय आधी करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून झालं त्याच क्रमानं लिहिते.

आधी प्राण्याबद्दल दोन शब्द. इथली शेवंड म्हणजे पॅन्युलिरस इंटरप्टस. कोकणात जाळ्यात येणाऱ्या शेवंडीही पॅन्युलिरस याच वंशातल्या, त्यामुळे चेहरामोहरा ओळखीचा वाटेल. खेकड्यासारख्या नांग्या नाहीत, म्हणून हातानं धरणं शक्य तरी आहे. पण कवचभर पुढे वळलेले काटे, डोळ्यांवर दोन शिंगं, जाडजूड काटेरी मिशा आणि शेपटीच्या दोन्ही कडांना करवतीसारखी धार. दिवसा कपारीत बसते, अंधार पडला की शिंपले, गोगलगायी, अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) खायला बाहेर निघते. घाबरली की शेपूट पोटाखाली ओढून मागच्या मागे उडी घेते. ही मागे जाण्याची सवय लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुलै: डॉक्टरची सही

माझा ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स झालेला होता, म्हणजे ६० फुटांपर्यंत जायला हरकत नव्हती. शेवंडी त्याहून कितीतरी उथळ मिळतात, १० ते ३० फुटांवर. तरी ॲडव्हान्स्ड कोर्स केला, कारण त्यात रात्रीचा डायव्ह आणि होकायंत्रावर दिशा धरणं, ही दोन्ही शिकून घेता येतात आणि इथे दोन्ही लागतातच. फी ४२० डॉलर, सामान भाड्यानं धरून.

खरी दिरंगाई वैद्यकीय फॉर्मची. प्रश्नावलीत काही ठरावीक प्रश्नांना एक जरी ‘हो’ आलं, तरी डॉक्टरची सही आल्याशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू असेल, कधी दमा झाला असेल, तर सही लागणार असंच धरून चाला. डॉक्टरची वेळ मिळायला मला बावीस दिवस लागले, सही करायला चार मिनिटं. कोर्सची तारीख ठरवायच्या आधी फॉर्म डाउनलोड करून वाचा. आणि ‘हो’ला ‘नाही’ लिहून वेळ वाचवू नका. रात्री, थंड पाण्यात, धडपड करत काम करायचं आहे. हृदयावर ताण येतोच.

ऑगस्ट: लायसन्स आणि तो लांबलचक कागद

तीन गोष्टी विकत घ्याव्या लागतात (दर माझ्या हंगामाचे). एक, राज्याचं स्पोर्ट फिशिंग लायसन्स, १६ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना. रहिवाशांसाठी ६० डॉलरच्या थोडं वर. दोन, ओशन एन्हान्समेंट व्हॅलिडेशन, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी; पॉइंट आर्ग्वेलोच्या दक्षिणेला समुद्रात मासेमारी करायची तर हे लागतं, सात-आठ डॉलर. तीन, स्पायनी लॉबस्टर रिपोर्ट कार्ड, दहा-बारा डॉलर. हे कार्ड प्रत्येकाला लागतं. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला लायसन्सची गरज नाही, तरी त्याच्या नावाचं कार्ड हवंच.

‘रहिवासी’ शब्दाला घाबरू नका. इथे नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा प्रश्न येत नाही, कॅलिफोर्नियात सलग सहा महिने राहत असलात की पुरे. पाहुणे म्हणून आलेल्यांना वर्षाचं लायसन्स रहिवाशांच्या अडीचपटीहून महाग पडतं. त्यांनी एक किंवा दोन दिवसांचं घ्यावं. त्यावर व्हॅलिडेशन लागत नाही, रिपोर्ट कार्ड मात्र लागतं.

लायसन्स आता विकत घेतल्यापासून ३६५ दिवस चालतं, कार्ड मात्र हंगामाचं असतं. दोघांच्या तारखा वेगळ्या, हे विसरायला होतं. ऑगस्टमध्ये घेतलेलं लायसन्स मार्चपर्यंतचा पूर्ण हंगाम सांभाळतं, म्हणून तो महिना बरा. ऑनलाइन घेतलं तर कार्ड टपालानं येतं आणि दोन आठवडे धरावे लागतात. माझं अकराव्या दिवशी आलं. घाई असेल तर मासेमारीच्या दुकानात जा, तिथल्या तिथे छापून देतात. त्या कागदावर उष्णतेनं छपाई होते, म्हणून लॅमिनेट करायला जाऊ नका, सगळा काळा पडेल. झिपच्या पिशवीत घालून ठेवा. आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरही नको.

एक सोय आहे. किनाऱ्यावरून उतरणाऱ्या डायव्हरनं लायसन्स पाण्यात न्यायची गरज नाही, ५०० यार्डांच्या आत ठेवलं तरी चालतं. बोटीवरून उतरलात तर बोटीवर. गाडी लांब लावणार असाल तर अंतर आधी बघून ठेवा.

सामान

वेटसूट ७ मिलिमीटरचा, डोक्याला हूड. ऑक्टोबरला पाणी बरं असतं, पण फेब्रुवारीत १४ अंशांपर्यंत उतरतं आणि रात्री पस्तिसाव्या मिनिटाला बोटं ऐकेनाशी होतात.

हातमोज्यात कंजुसी करू नका. साधे ३ मिलिमीटरचे निओप्रीनचे मोजे पहिल्याच आठवड्यात फाटतात. तळव्याला आणि बोटांना केव्लार (चिवट धागा) असलेले ४५ डॉलरला मिळाले. फार जाडही नकोत, बोटांना कवचाची कड कळली पाहिजे.

मुख्य टॉर्च आणि एक जोडीची छोटी टॉर्च, मिळून १८० डॉलर. दोरी कापायला चाकू किंवा कटर. जेट्टीच्या दगडांत तुटलेल्या गळांची तंगूस ठिकठिकाणी अडकलेली असते आणि टॉर्चमध्ये ती दिसत नाही. जाळीची पिशवी, ५५ डॉलर. तिच्या तोंडाला स्प्रिंगचं झाकण असावं. दोरीनं आवळायची पिशवी एका हातानं उघडत नाही, आणि दुसऱ्या हातात शेवंड असते.

आणि गेज. आठ डॉलरचा प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा. मोजायचं साधन जवळ असणं सक्तीचं आहे. तो फीत लावून बीसीडीला (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटला) छातीपाशी अडकवा. पिशवीला बांधलात तर पिशवीतल्या शेवंडीच्या मिशांमध्ये गुंततो.

वजनाचं एक सांगते. अॅल्युमिनियमची ८० घनफुटांची टाकी रिकामी होत आली की वर उचलायला लागते. भरलेल्या टाकीवर वजन जुळवलं, तर शेवटी वर येताना ५ मीटरवर थांबायचं असतं, तिथे थांबताच येत नाही. उलट, तळाशी बूड टेकून बसता यावं म्हणून काही जण मुद्दाम चार-पाच पौंड जास्त बांधतात. तसलं करू नका. पृष्ठभागावर दमलेले असताना तेच वजन खाली ओढतं.

सप्टेंबर: नुसतं बघणं

हंगामाआधी शेवंडीला हात लावायचा नाही, पण बघायला कोणी अडवत नाही. सप्टेंबरात मी आणि माझा बडी, म्हणजे डायव्हमधला जोडीदार, पाच वेळा दिवसा उतरलो. काम दोनच: कपारी कुठे आहेत ते बघणं आणि पाण्यात जायची-यायची वाट पाठ करणं. ज्या कपारीतून दुपारी सात-आठ मिशा बाहेर डोकावतात, तिच्या आसपासच्या वीस-तीस यार्डांत रात्री चालणाऱ्या शेवंडी दिसतात.

त्याआधी नकाशा. दक्षिण कॅलिफोर्नियात २०१२ पासून संरक्षित सागरी क्षेत्रांची साखळी आहे. सॅन दिएगोपुरतं बोलायचं तर ला होयाचं माटलावायल, दक्षिण ला होया, पॉइंट लोमाच्या टोकाचं कॅब्रियो, ही पूर्ण बंद. एनसिनिटासच्या स्वामीज क्षेत्रात काही प्रकारच्या मासेमारीला मुभा आहे, पण शेवंडीला नाही. सीमा सरळ रेषेच्या असतात आणि पाण्याखाली कुठलीही पाटी नसते. किनाऱ्यावरची खूण बघून होकायंत्राची दिशा आधी टिपून ठेवा. रेषेपासून शंभर यार्ड लांबच राहिलेलं बरं. राखीव क्षेत्रात शेवंडी भर दिवसा उघड्यावर बसलेल्या दिसतात, बघून जीव तुटतो.

मी कुठे उतरते ते मात्र विचारू नका. या धंद्यात ते कोणी सांगत नाही.

२७ सप्टेंबर: हंगाम उघडला, आम्ही घरी

हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवाराआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता उघडतो आणि १५ मार्चनंतरच्या पहिल्या बुधवारी संपतो. २०२४-२५ ला २७ सप्टेंबर ते १९ मार्च. माद्या वसंतात आणि उन्हाळ्यात पोटाखाली अंडी घेऊन फिरतात, म्हणून तो काळ बंद.

पहिल्या रात्री किनाऱ्यावर जत्रा असते. गाडी लावायला जागा नाही, पाण्यात दहा-दहा टॉर्च, वर हूप नेट (कड्यांचं जाळं) टाकणाऱ्यांच्या बोटी. बऱ्याच वर्षी याच दोन-तीन दिवसांत डायव्हर दगावल्याच्या बातम्या येतात. वर्षभर पाण्यात न उतरलेला माणूस, न तपासलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात आणणारं यंत्र), जास्तीचं वजन, बडी सुटलेला आणि ‘अजून एकच’ म्हणत संपवलेली हवा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हा शुक्रवार सोडावा. आम्ही सोडला. आतून चुटपुट लागली होती, नाही असं नाही.

आम्ही मंगळवार १ ऑक्टोबर धरला. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. काळोख्या रात्री शेवंडी जास्त मोकळेपणी हिंडतात, चांदणं असलं की कपारीशी चिकटून राहतात. पण अमावास्येला उधाण, म्हणजे पाण्याला ओढ जास्त. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरायचं, ओढ मंदावलेली असते. दुसरा हिशेब पिंजऱ्यांचा होता. व्यावसायिक हंगाम त्याच बुधवारी उघडतो. पिंजरे आणि त्यांचे दोर आधीपासून पाण्यात असतात, त्यांना हात लावणं गुन्हा आहे आणि त्यांच्या दोरात अडकणं त्याहून वाईट.

लाटेची उंची बघता तसा तिचा कालावधीही बघा. दोन फुटांची पण १५ सेकंदांच्या अंतरानं येणारी लाट तळाशी माणसाला चार-पाच फूट पुढे-मागे ढकलते. शेवंडीवर नेम धरलेला असतो आणि तुम्ही तिच्यावरून तरंगत पलीकडे.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

पाण्यात पाय घालायच्या आधी कार्ड भरायचं: महिना, तारीख, जागेचा कोड, साधनाचा कोड. जागांची यादी कार्डावरच आहे. शाईच्या पेनानं लिहायचं. वेटसूट चढवायच्या आधी लिहा. ओल्या मोज्यांनी पेन धरवत नाही आणि कागद भिजतो.

वाळूवरून आत जाताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. इथल्या उथळ वाळूत पाकट असतात, पायाची चाहूल लागली की निघून जातात. त्यांच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो.

बडीबरोबर काम आधीच वाटून घ्या. आम्ही ठरवलं होतं की एक जण पकडणार, दुसरा उजेड धरून हवेवर लक्ष ठेवणार, वीस मिनिटांनी अदलाबदल. पण बडीचंही लायसन्स आणि कार्ड हवं, आणि दोघांचा माल दोन पिशव्यांत. एका पिशवीत टाकलात तर कोणाच्या किती, याचं उत्तर देत बसावं लागतं.

पहिली शेवंड अठराव्या मिनिटाला दिसली, २२ फुटांवर. आधी दिसल्या मिशा, दगडाच्या पुढे वाळूवर पडलेली त्यांची लांबच लांब सावली.

आता पकडण्याची रीत. टॉर्चचा झोत सरळ तोंडावर टाकू नका. झोताची कड तिच्यावर ठेवा, मधला भाग बाजूच्या वाळूवर. भगभगीत उजेडात ती एक क्षण गोठते खरी, पण पुढचा क्षण उडीचा असतो. हळू जा, बुडबुडे कमी सोडा, पण श्वास कोंडू नका. स्कूबावर श्वास कोंडायचा नाही, हा नियम शेवंडीसाठीही मोडायचा नाही. ती मागे उडणार, म्हणून तिच्या मागे मोकळं पाणी आहे की दगड, ते बघा. मागे दगड असेल तर निम्मं काम झालं.

हात वरून आणायचा, समोरून नाही. एक-दीड फुटावर आलात की थांबायचं नाही, तिथेच सगळे चुकतात. हात पुढे करून विचार करत राहिलात की ती गेलीच. पंजा उघडा ठेवून कवचावर, पाठीच्या मधोमध, सरळ खाली दाबायचा आणि तळाशी घट्ट धरून ठेवायचा. झडप घालून वर उचलायची नाही. दाबायची. शेपटीचे तीन-चार झटके बसतात, ते तसेच बसू द्यायचे. तळव्याखाली करकर अशी थरथर जाणवते आणि पाण्यात आवाजही ऐकू येतो. मिशांचं बूड घासून ती तो काढते. पहिल्या वेळी त्या आवाजानंच माझा हात सुटला.

ती जरा शांत झाली की दुसरा हात मिशांच्या बुडाशी न्या, जिथे त्या जाड असतात, आणि मग उचला. नुसत्या मिशांचं टोक ओढलं तर मिशी हातात राहते. पाय धरला तर पाय टाकून पळते. तुटलेलं परत येतं, पण कात टाकता टाकता, आणि तेवढी वाढ मागे पडते. शेपटीच्या खालून बोटं घालू नका. ती शेपूट मिटते तेव्हा कडा कात्रीसारख्या बंद होतात. कवच दाबल्यावर पापडासारखं दबलं तर तिनं नुकतीच कात टाकली आहे. मी अशी सोडून देते, आत मांसही कमी असतं.

सव्वातीन इंच

किमान माप सव्वातीन इंच, म्हणजे साधारण साडेब्याऐंशी मिलिमीटर. शेवंडीला तेवढं व्हायला सात ते दहा वर्षं लागतात. माप घ्यायचं डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, पाठीच्या मधल्या रेषेवर, सरळ. शिंगाच्या टोकापासून नाही. कवचाच्या गोलाईवरून नाही.

गेजचा पुढचा दात दोन शिंगांच्या मधे, खोबणीच्या मागच्या कडेला टेकवायचा आणि मागचा भाग हळूच खाली आणायचा. मागचा दात कवचाच्या कडेमागे सरळ खाली उतरला, तर शेवंड लहान. कवचावरच अडला, तर चालते. चूक होते ती गेज तिरका धरल्यानं. तिरका झाला की माप चुकतं, आणि खोबणीऐवजी शिंगाला टेकवला तर लहान शेवंड मोठी ठरते. दुसरी चूक शेपटीची. शेपूट ताणलेली असताना कवच आणि पहिल्या कड्याच्या मधला पडदा दिसतो, दात त्यावर टेकवू नका. केसाएवढा फरक वाटला तर सोडा. किनाऱ्यावर अधिकाऱ्याचा गेज लावला जातो, तुमचा नाही.

लहान शेवंड पिशवीत ठेवून ‘वर जाऊन नीट मोजू’ असं चालत नाही. पिशवीत पडली म्हणजे ती तुमच्या ताब्यात आली. पकडल्याबरोबर मोजायची आणि लहान निघाली तर तिथेच सोडायची. सोडताना फेकू नका, कपारीच्या तोंडाशी ठेवा. उघड्या पाण्यात खाली पडणाऱ्या शेवंडीला मासे टिपतात. त्या रात्री माझ्या हाताला पाच आल्या, पाचही लहान. पाचवीला गेजचा दात कडेवर क्षणभर अडला आणि मग घसरला.

मापात बसली तर पिशवीत शेपटीकडून घालायची. घाबरली की ती मागे उडी मारते, म्हणजे पिशवीत आणखी आत जाते. डोक्याकडून घातलीत तर तीच उडी बाहेर. पिशवी तळावर ओढत नेऊ नका, केल्पमध्ये, म्हणजे उंच समुद्री शेवाळात, अडकते. आणि अंगाला पक्की बांधू नका, एका हालचालीत सोडून देता आली पाहिजे.

रोज जास्तीत जास्त सात, आणि जवळ एकूणही सातच. घरच्या फ्रीझरमधल्या त्यातच मोजायच्या.

हवेचा हिशेब सगळ्यात फसवतो. दिवसा २५ फुटांवर जी टाकी मला तासभर पुरते, ती शेवंडीमागे चाळीस मिनिटांत संपते. प्रत्येक झटापटीनंतर गेज बघायचा, म्हणजे हवेचा. ३,००० पीएसआयनं (टाकीतल्या हवेचा दाब) सुरुवात केली तर १,००० ला पकडणं बंद, मग समोर कितीही मोठी बसलेली असो. परतताना वर केल्पचं छत असेल तर त्याखालून पोहून मोकळ्या पाण्यात यायला हवा लागते. केल्पवरून सरपटत येणं जमतं, पण टाकी, पिशवी आणि दमलेले पाय घेऊन ते फार महाग पडतं. वर येताना मिनिटाला ३० फुटांहून वेगानं नाही, १५ फुटांवर तीन मिनिटं थांबायचं, आणि किनाऱ्यावर ५०० पीएसआय शिल्लक घेऊन पोचायचं.

बाहेर आल्यावर कार्डावर आकडा लिहिला: शून्य. शून्यही लिहायचं असतं. जागा बदलली तरी आधीच्या जागेचा आकडा भरून मगच दुसरीकडे जायचं.

नोव्हेंबर: कपारीतल्या

पाणी थंड होत गेलं, वादळी लाटा सुरू झाल्या आणि उथळातल्या शेवंडी खोल सरकल्या. दिवसा कपारीत हात घालायचा प्रयोग नोव्हेंबरात केला. रात्रीपेक्षा हे अवघड आहे आणि हाताला जास्त लागतं. कपारीला मागून वाट असेल तर विसरा. बंद असेल तर आधी सगळीकडे टॉर्च फिरवा, छतापासून. कॅलिफोर्निया मोरे ईल, आपल्या वामेसारखा लांबलचक, बऱ्याचदा त्याच कपारीत राहतो आणि हाताला मासा समजून चावतो. जांभळ्या अर्चिनचे काटे वेटसूटमधून आरपार जातात आणि आत मोडतात. दगडासारखा दिसणारा स्कॉर्पियनफिश कपारीच्या उंबरठ्यावर बसलेला असतो, त्याचे काटे विषारी. लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. जिथे हाताचा पंजा दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, एवढं एक पाळलं. अर्चिनचा एक काटा तरीही महिनाभर बोटात होता.

मापाची पहिली शेवंड ९ नोव्हेंबरला, सातव्या फेरीला मिळाली. त्याच रात्री पार्किंगमध्ये तपासणी झाली. लायसन्स, व्हॅलिडेशन, कार्डावरची त्या दिवसाची ओळ, गेज आणि पिशवी. पाच मिनिटांत सुटका. शेवंड अख्खी हवी, शेपूट घरी स्वयंपाकाच्या वेळीच वेगळी करायची.

घरी नेताना साध्या पाण्यात ठेवू नका, लगेच मरते. समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट कूलरमध्ये, खाली बर्फाच्या पिशव्या, वितळलेलं पाणी वाहून जायला नळी उघडी. अशी रात्रभर जिवंत राहते. मेल्यावर मांस भराभर खराब होतं, म्हणून शिजवण्याआधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये, मग सरळ उकळत्या पाण्यात.

मार्च-एप्रिल

१९ मार्चला हंगाम संपला. ११ फेऱ्या, त्यातल्या सहा शून्याच्या. ठेवलेल्या ९, सोडलेल्या चाळीसच्या आसपास. हातमोज्यांच्या दोन जोड्या गेल्या. कोर्स सोडून सामान आणि कागदपत्रं मिळून साडेचारशे डॉलर, शिवाय टाक्या भरण्याचे.

रिपोर्ट कार्ड ३० एप्रिलपर्यंत परत करायचं किंवा ऑनलाइन भरायचं. एकही शेवंड पकडली नाही, कार्ड वापरलंच नाही, तरीही. नाही भरलं तर पुढच्या कार्डाच्या वेळी वीस डॉलरहून जास्त दंड किंवा एक हंगाम घरी. मी २ एप्रिलला बसले. प्रत्येक ओळ वेगळी भरावी लागते, अकरा ओळींना बारा मिनिटं. शून्याच्या ओळी गाळू नका. कुठे किती लोक उतरले आणि हात हलवत परत आले, हेही त्यांना हवं असतं. शेवटी पडद्यावर एक क्रमांक येतो. तो शाईनं कार्डावर लिहून कार्ड जपून ठेवायचं. माझं झिपच्या पिशवीत, गेजबरोबर आहे.